साडेबारा हजार किलोमीटर म्हणजे किती तास?

हा प्रश्न मला पहिल्यांदा गंभीरपणे विचारला गेला तो २०१९ सालच्या मार्च महिन्यात, पहाटे दोन वाजता, साताऱ्यातल्या आमच्या घराच्या ओसरीवर. वडील रात्री एकच्या सुमारास गेले होते. धाकटा भाऊ न्यू यॉर्कजवळ लाँग आयलंडला राहतो. त्याला फोन झाला होता, तो निघणार हे ठरले होते. आता शीतपेटी किती वेळासाठी मागवायची, गुरुजींना कोणती वेळ सांगायची, कोल्हापूरहून येणाऱ्या आत्याला आज बोलवायचे की उद्या, हे सगळे एकाच उत्तरावर अडले होते. थोरले काका माझ्याकडे वळून म्हणाले, "तू नकाशातला माणूस ना? सांग बरं, न्यू यॉर्क ते मुंबई किती तास?"

मी पाटबंधारे खात्यात अनुरेखक होतो. ट्रेसिंग कापडावर कालव्यांच्या रेषा ओढण्यात उमेदीची वर्षे गेली. पण काकांना उत्तर देता आले नाही. भावाने नंतर तिकीट पाठवले, त्यावर मुंबईला उतरण्याची वेळ रात्री बाराची होती. युरोपात विमान बदलून तो प्रत्यक्षात उतरला पावणेदोनला. तो पावणेदोन तासांचा फरक कुठून आला, हे शोधायला मी बसलो आणि त्यातून पुढची काही वर्षे बरेच वाचन झाले. गणित मी बारावीनंतर सोडले होते. जे काही खाली मांडतो आहे ते जुनी पाठ्यपुस्तके, नौकानयनाची हस्तपुस्तके आणि एक पृथ्वीगोल यांच्या आधाराने शिकलेले आहे.

पृथ्वीगोलापासूनच सुरुवात करू. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबई आणि न्यू यॉर्क पट्टीने जोडा. रेषा जवळपास सरळ पश्चिमेला जाते. सौदी अरेबिया, इजिप्त, सहाराचे वाळवंट, मोरोक्को आणि मग अटलांटिक. आता भाचीच्या टेबलावरचा पृथ्वीगोल घ्या आणि त्याच दोन शहरांवर एक दोरा ताणून धरा. दोरा पश्चिमेला जात नाही. तो मुंबईतून वायव्येच्याही वर, उत्तरेकडे झुकून निघतो. काठियावाड, सिंध, क्वेट्टाच्या आसपासचा बलुचिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान असे करत तो चक्क मॉस्कोला पोहोचतो. तिथून हेलसिंकी, मग आइसलंडची राजधानी रेक्याविक, ग्रीनलंडचे दक्षिण टोक, कॅनडातला लॅब्राडोर, आणि वरून खाली येत न्यू यॉर्क. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा दोरा सरकला असे वाटून मी तो तीनदा ताणला.

गोलावर दोन ठिकाणांना जोडणारी सर्वांत आखूड वाट ही बृहत्‌वृत्ताचा तुकडा असते. गोलाचे बरोबर दोन समान भाग करणारे वर्तुळ म्हणजे बृहत्‌वृत्त. विषुववृत्त हे एक, आणि समोरासमोरची दोन रेखावृत्ते जोडली की होते ते दुसरे. मुंबई आणि न्यू यॉर्क यांमधून जाणारे असे एकच बृहत्‌वृत्त आहे, आणि ताणलेला दोरा आपोआप त्यावर जाऊन बसतो.

मग भिंतीवरचा नकाशा खोटे बोलतो का? खोटे नाही, त्याचे काम वेगळे आहे. गेरार्डस मर्केटर याने १५६९ साली तो प्रकार काढला तो खलाशांसाठी. खलाशाला हवी असते एकच गोष्ट: होकायंत्राची सुई ज्या कोनावर धरून निघालो, तोच कोन धरून मुक्कामी पोहोचता यावे. मर्केटरच्या नकाशावर अशी स्थिर कोनाची वाट सरळ रेषा दिसते. त्यासाठी त्याला ध्रुवांकडचा प्रदेश ताणावा लागला. म्हणून त्या नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट मोठी आहे. स्थिर कोनाची ती वाट मुंबई-न्यू यॉर्कसाठी मोजली तर सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. दोऱ्याची वाट भरते साडेबारा हजार. फरक सुमारे १,७०० किलोमीटरचा, म्हणजे मुंबई-दिल्ली हवाई अंतराच्या दीडपट. भिंतीवरच्या पट्टीवर विश्वास ठेवला तर दोन तास फुकट जातील.

हे साडेबारा हजार कसे काढतात, ते वाचकांना रुक्ष वाटण्याचा धोका पत्करून सांगतो, कारण त्यात आपल्याकडचा एक धागा आहे. मुंबई विमानतळ १९.०९ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७२.८७ अंश पूर्व रेखांशावर आहे. न्यू यॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६४ उत्तर आणि ७३.७८ पश्चिम. दोन्ही रेखांशांची बेरीज १४६.६५ अंश, हा त्यांच्यातला पूर्व-पश्चिम फासला. अक्षांशांतला फरक २१.५५ अंश. आता या दोन कोनांवरून पृथ्वीच्या केंद्रापाशी दोन शहरांमध्ये किती कोन होतो ते काढायचे. त्यासाठी नौकानयनात जे सूत्र वापरतात त्याचे नाव 'हाव्हरसाइन'. हे नाव जेम्स इनमन या इंग्रज गणितज्ञाने १८३५मध्ये रूढ केले. अर्थ सरळ आहे: 'व्हर्स्ड साइन'चा अर्धा भाग. आणि व्हर्स्ड साइन म्हणजे एकातून कोसाइन वजा केल्यावर उरते ती राशी. आपल्या सिद्धांतग्रंथांत हिला 'उत्क्रमज्या' म्हणतात आणि तिचे कोष्टक 'सूर्यसिद्धान्ता'त दिलेले आहे. धनुष्याची दोरी ती ज्या, आणि बाण जिथे टेकतो ते अंतर उत्क्रमज्येचे. खुद्द 'साइन' हा शब्दही ज्या किंवा जीवा या शब्दाचा दूरचा नातू आहे. अरबांनी जीवा 'जिबा' असा घेतला, स्वर न लिहिण्याच्या त्यांच्या पद्धतीमुळे तो 'जैब' असा वाचला गेला, जैब म्हणजे अंगरख्याचा गळा किंवा खोळ, म्हणून लॅटिनमध्ये त्याचे 'सायनस' झाले. हिंदीतली 'जेब' याच अरबी शब्दाची. एका चुकीच्या वाचनातून जगभरच्या विद्यार्थ्यांच्या वहीत धनुष्याच्या दोरीऐवजी खिसा आला.

आकडे घातले की केंद्रातला कोन ११२.७ अंश येतो. पृथ्वीचा घेर गोल धरला तर सुमारे ४०,०३० किलोमीटर. ३६० अंशांना एवढे, तर ११२.७ अंशांना किती, हे त्रैराशिक. उत्तर १२,५३० किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांपाशी जराशी चपटी आहे, ध्रुवापर्यंतची त्रिज्या विषुववृत्तावरच्या त्रिज्येपेक्षा २१ किलोमीटरने कमी आहे, त्यामुळे या उत्तरात दहा-वीस किलोमीटर इकडेतिकडे होतात. विमान जमिनीवरून नव्हे तर अकरा किलोमीटर उंचीवरून उडते, त्याने आणखी वीसेक किलोमीटर वाढतात. एवढ्या प्रवासात हे किरकोळच.

तर अंतर मिळाले. आता वेळ. मोठी प्रवासी विमाने भोवतालच्या हवेच्या तुलनेत ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात. भागाकार केला की चौदा तासांना थोडे कमी. हे उत्तर मी त्या रात्री देऊ शकलो असतो, आणि ते चुकीचे ठरले असते.

पहिली चूक वाऱ्याची. "हवेच्या तुलनेत" हे दोन शब्द मी वर मुद्दाम घातले आहेत. विमान हवेत पोहते आणि हवा स्वतः वाहत असते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर, दोन्ही गोलार्धांच्या मधल्या अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्याच्या अरुंद नद्या आहेत, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढे सहज जातो. त्या पहिल्यांदा पद्धतशीरपणे मोजल्या वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने, १९२०च्या दशकात, तातेनो येथील वेधशाळेतून फुगे सोडून. जगाला कळावे म्हणून त्याने आपला अहवाल एस्परांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेत छापला. परिणाम उलटाच झाला, तो फारसा कुणी वाचलाच नाही. १९४४ साली जपानवर बॉम्ब टाकायला निघालेल्या अमेरिकन बी-२९ विमानांना या वाऱ्यांनी हैराण केले तेव्हा अमेरिकनांना त्यांचा धडा मिळाला. जपानने मात्र तो वारा ओळखून नऊ हजारांच्या आसपास बॉम्ब बांधलेले कागदी फुगे अमेरिकेकडे सोडले. त्यांतल्या एकाने मे १९४५मध्ये ऑरेगॉन राज्यात सहलीला गेलेल्या सहा जणांचा जीव घेतला, त्यांत पाच मुले होती. चांगल्या संशोधनाचे वाचक कोण होतील हे संशोधकाच्या हातात नसते.

इथे एक लोकप्रिय समजूत दुरुस्त करायला हवी. अमेरिकेला जाताना जास्त वेळ आणि येताना कमी, याचे कारण "पृथ्वी फिरते ना, म्हणून" असे पुष्कळ शिकलेली माणसेही सांगतात. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाकडे मुंबई-न्यू यॉर्क आपणहून सरकत यायला हवे, म्हणजे जाताना कमी वेळ लागायला हवा! घडते उलट. जमिनीबरोबर हवाही फिरते आणि हवेबरोबर विमानही, त्यामुळे ही सरळ वजाबाकी लागूच नाही. धावत्या एसटीत बसलेल्याने चेंडू वर टाकला तर तो मागच्या बाकावर पडत नाही, तसेच. पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, पण आडून. विषुववृत्ताकडून वर निघालेली गरम हवा ध्रुवांकडे जाताना त्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते आणि जेट प्रवाह त्यातूनच घडतात.

सरासरी समोरून वारा ताशी ६० किलोमीटरचा धरला तर जमिनीवरचा वेग ८४० होतो आणि प्रवास पंधरा तासांचा. तोच वारा पाठीशी आला की वेग ९६०, प्रवास तेरा तासांचा. मुंबईहून थेट जाणाऱ्या विमानाचे वेळापत्रक सोळा तासांच्या आसपासचे आणि परतीचे चौदा-साडेचौदा तासांचे का असते, ते यातून कळते. वरचा तास-दीड तास चढण्या-उतरण्यात, वळसे घेण्यात आणि धावपट्टीच्या रांगेत जातो. वेळापत्रकातली वेळ उड्डाणाची नसतेच. चाकांना लावलेल्या अडणी काढल्यापासून पुन्हा अडणी लावेपर्यंतची ती वेळ असते, म्हणून विमानवाले तिला 'ब्लॉक टाइम' म्हणतात.

वारा किती महत्त्वाचा, याचे सगळ्यांत बोलके उदाहरण आपल्याकडचे आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे बृहत्‌वृत्तावरचे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर. पण ती वाट दिल्लीतून निघाली की लगेच हिमालय आणि तिबेटच्या पठारावर जाते. तिथे हवाई वाहतूक टाळतात, कारण केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाने ताबडतोब दहा हजार फुटांवर खाली यावे लागते. मुखवट्यातून मिळणारा प्राणवायू काही मिनिटेच पुरतो, आणि तिबेटची जमीनच चौदा-पंधरा हजार फुटांवर आहे. एअर इंडिया आधी अटलांटिकवरून जात असे, ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. ऑक्टोबर २०१६मध्ये त्यांनी विमान उलट बाजूने, प्रशांत महासागरावरून नेले. ही वाट १५,३०० किलोमीटरची, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त. तरीही विमान साडेचौदा तासांत पोहोचले, अटलांटिकच्या वाटेपेक्षा सुमारे दोन तास आधी, कारण वारा सबंध वाटभर पाठीशी होता. पुढे जानेवारी २०२१मध्ये त्याच कंपनीचे सॅन फ्रान्सिस्को ते बंगळुरू हे विमान कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी स्त्री-वैमानिकांनी उत्तर ध्रुवावरून आणले. ती वाट चौदा हजार किलोमीटरच्या आसपासची. ध्रुवाकडे आणखी एक काळजी असते. विमानाचे इंधन उणे ४७ अंशाला गोठू लागते, आणि बाहेरची हवा त्याहून थंड असू शकते. वैमानिक टाकीतल्या इंधनाच्या तापमानावर डोळा ठेवून असतो आणि गरज पडली तर खाली उतरून जरा उबदार हवा शोधतो.

वाऱ्यामुळे दोन शहरांतली 'योग्य वाट' रोज बदलते. उत्तर अटलांटिकवर तर दर दिवशी हवामान पाहून नव्या समांतर वाटा आखल्या जातात आणि त्यांवर विमाने एकामागोमाग सोडली जातात. फेब्रुवारी २०२०मध्ये 'सिआरा' वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचे एक ७४७ विमान न्यू यॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. ध्वनीपेक्षा वेगवान नव्हे बरे का, कारण ध्वनीही त्याच हवेत वाहत होता.

आता दुसरी चूक. माझ्या भावाचे पावणेदोन तास गेले ते इथे. पृथ्वीगोलावर ताणलेल्या दोऱ्याला सीमा कळत नाहीत. १९४४च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाचा आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण हक्क आहे. कुणाला जाऊ द्यायचे, किती शुल्क घ्यायचे, केव्हा दार लावायचे, हे तो देश ठरवतो. सोव्हिएत संघाने आपले आकाश पाश्चात्त्य विमानांना बहुतांशी बंद ठेवले होते, तेव्हा युरोपातून टोकियोला जाणारी विमाने अलास्कातल्या अँकरेजला इंधनासाठी उतरत. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियन एअर लाइन्सचे विमान लढाऊ विमानाने पाडले, २६९ माणसे गेली. नंतर ते आकाश उघडले आणि अँकरेज ओस पडले. २०२२मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रशियाने पुन्हा दार लावले. फिनलंडच्या विमान कंपनीने तर आपला सगळा व्यवसायच हेलसिंकीहून आशियाला जाणाऱ्या आखूड वाटेवर उभारला होता. तिचा हेलसिंकी-टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून तेरा तासांवर गेला. दोन्ही शहरे जागच्या जागीच होती.

आमच्याकडे झाले ते असे. बालाकोटनंतर, २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपले आकाश बंद केले. ते पूर्ण उघडले १६ जुलैला. माझ्या दोऱ्याचा मुंबईजवळचा भाग आठवा: काठियावाड, सिंध, बलुचिस्तान. नेमका तोच तुकडा गेला. युरोपातून मुंबईला येणाऱ्या विमानांना इराणवरून दक्षिणेला उतरून अरबी समुद्र गाठावा लागे. भावाच्या तिकिटावर अजून जुनीच वेळ छापलेली होती. दिल्लीची विमाने तर याहून वाईट अडकली, काहींना वाटेत इंधनासाठी उतरावे लागले. त्या काळात एकट्या एअर इंडियाचे ४९१ कोटी रुपयांचे नुकसान झाले, असे सरकारने जुलैमध्ये संसदेत सांगितले. एप्रिल २०२५मध्ये ते आकाश भारतीय विमानांना पुन्हा बंद झाले.

म्हणून "न्यू यॉर्क ते मुंबई किती तास" याला एकच उत्तर नाही, याचा मला पूर्वी राग येई. आता काकांना सांगायचे झाले तर मी असे सांगेन: अंतर १२,५३०, ते कधी बदलणार नाही. थेट विमान मिळाले तर चौदा-पंधरा तास धरा. विमान बदलून यायचे तर एकोणीस धरा, त्यात दोन तास आकाशाच्या मर्जीचे घाला. आणि घड्याळाचा घोळ वेगळा ठेवा. न्यू यॉर्क आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ तास असते आणि हिवाळ्यात साडेदहा, कारण ते लोक वर्षातून दोनदा घड्याळ सरकवतात. भाऊ संध्याकाळी साडेसातला निघाला म्हणजे आपल्याकडे पहाटेचे पाच. ओसरीवर बसलेल्या कुणीतरी तिकिटावरचे साडेसात तसेच आपल्याकडचे धरले आणि गुरुजींना संध्याकाळची वेळ सांगून बसले. ती नंतर मला रद्द करावी लागली.

भाऊ मुंबईला उतरला तेव्हा वडिलांना जाऊन जवळजवळ पंचवीस तास झाले होते. विमानतळ ते सातारा हे सरळ रेषेतले अंतर मी नंतर त्याच सूत्राने काढले, ते १९५ किलोमीटर भरते. रस्त्याने ते अडीचशेच्या वर जाते. म्हणजे न्यू यॉर्कपासूनच्या सबंध वाटेत, आकाश बंद असतानासुद्धा, प्रमाणाने सर्वांत जास्त वळसा हा शेवटचाच होता. त्याने पहाटे सहाला खंबाटकी घाटातून फोन केला की पुढे ट्रक बंद पडला आहे, रांग लागली आहे. काकांनी मला विचारले, "आता किती वेळ?" मी म्हटले, तासभर. दीड तास लागला.